दंतवैद्याची नोंदवही आणि विहिरीचे पाणी : यवतमाळ जिल्ह्यातील दंतारोग्याच्या मानदंडांविषयी

दाताच्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो कोणाकडे जावे हा. या साध्या प्रश्नाच्या पोटात वस्तुतः दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. ज्याच्या हाती आपला जबडा सोपवावयाचा त्याचे कौशल्य विश्वासार्ह आहे काय, हा एक. आणि निरोगी दात म्हणजे कसा, हे कोणत्या मापाने ठरवावयाचे, हा दुसरा. निरनिराळ्या देशांतील दंतवैद्यकाच्या दर्जाची तुलना होते, ती बहुधा पहिल्याच प्रश्नापाशी थांबते; पदव्या, परीक्षा आणि नोंदणीचे कायदे यांचा ताळा घेऊन अभ्यासक समाधान पावतात. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरविता येत नाही, कारण तेथील अनेक गावांत दात बिघडतो तो पिण्याच्या पाण्यामुळे, आणि तोही दंतवैद्याची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात असा. दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली निघाले. इंग्लंडात १८७८ च्या कायद्याने ‘दंतवैद्य’ या अभिधानास संरक्षण दिले. परंतु ते अभिधान न लावता दात काढण्याचा धंदा करणारास त्याने अटकाव केला नाही. ही पळवाट बंद झाली ती १९२१ च्या कायद्याने. तीही एका तडजोडीनेच: परीक्षा न दिलेले, पण आधीपासून धंद्यात असलेले जे लोक होते, त्यांना नोंदवहीत सामावून घेऊन दार पुढच्यांसाठी लावण्यात आले. हिंदुस्थानात आयोवा विद्यापीठाचे पदवीधर डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास दंत महाविद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाच्या आश्रयाने १९३३ साली दुसरे निघाले. बंगालपुरता कायदा १९३९ मध्ये झाला आणि साऱ्या देशासाठी १९४८ मध्ये. या शेवटच्या कायद्याने नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग पाडले. मान्य पदवी असलेले ते ‘अ’ मध्ये. पदवी नसून निदान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करीत असलेले ते ‘ब’ मध्ये. इंग्लंडातील १९२१ ची तडजोडच येथे सत्तावीस वर्षांनी पुन्हा अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. पदवीधरांची संख्या मूठभर असलेल्या देशात दुसरा व्यवहार्य मार्गही नव्हता. परदेशी पदव्यांना मान्यता देण्यासाठी कायद्यास परिशिष्ट जोडले होते, आणि परस्पर-मान्यतेविषयी इतर देशांशी बोलणी करण्याचा अधिकार भारतीय दंत परिषदेस दिला होता. दर्जाच्या आंतरराष्ट्रीय तुलनेस कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते असे.

कायदा झाला तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता. १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा कापसाचा आणि सागवानाचा. मुख्य लोहमार्गाशी त्याला जोडणारी वाट म्हणजे मूर्तिजापूरपर्यंत जाणारी अरुंद मापाची रेल्वे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९६८ साली, आणि वर्ध्याजवळ सावंगी येथे दुसरे निघावयास १९९१ उजाडले. अशा प्रदेशात निवड करावयाची तर ती कोणामधून, हा प्रश्न कायद्याने सुटण्यासारखा नव्हता. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, मशेरी, आणि दुखणे असह्य झाले की आठवडी बाजारात दात उपटून देणारा कसबी माणूस, एवढीच सामान्य शेतकऱ्याची साधने होती. पैकी तंबाखूयुक्त दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. खर्रा मात्र आजही गावोगावी घोटला जातो, आणि त्याचे डाग पुढील विवेचनात एका कारणाने महत्त्वाचे ठरतात.

पांढरकवडा, झरी-जामणी आणि लगतच्या भागांत कित्येक गावांतील मुलांचे पुढचे दात खडूसारखे पांढुरके, पुढे पिवळसर आणि अखेरीस तपकिरी होत जातात. अनोळखी माणूस हे डाग खर्र्याचे समजतो. खर्र्याचा डाग दातावर बाहेरून चढतो, म्हणून तो घासून पुष्कळसा निघतो. हा डाग दाताच्या घडणीतच मुरलेला असतो. पाण्यातील फ्लोराइड प्रमाणाबाहेर पोटात गेले, तर हिरडीच्या आत दाताचे कठीण कवच तयार होत असतानाच त्याची बांधणी बिघडते. अक्कलदाढ सोडल्यास कायमच्या दातांची कवचे साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत पुरी होतात. त्यानंतर तेच पाणी कितीही प्याले तरी दातांवर असा डाग पडत नाही, हाडांना धोका असतो तो वेगळा. म्हणूनच निर्दोष पाण्याच्या गावाहून आलेल्या सासुरवाशिणीचे दात स्वच्छ राहतात आणि तिच्या मुलांचे डागाळतात. ज्यांना हे कारण ठाऊक नाही ते दोष मुलांच्या आळसाला देतात, आणि विवाह जुळविण्याच्या वेळी तोच दोष पुन्हा मुलींच्या माथी येतो.

या विकाराच्या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कॉलोराडो स्प्रिंग्ज या अमेरिकन गावात १९०१ साली व्यवसायासाठी आलेल्या फ्रेडरिक मके या तरुण दंतवैद्यास तेथील रहिवाशांचे तपकिरी दात दिसले, आणि त्यांचा पाठपुरावा त्याने तीन दशके केला. कारण हाती लागले १९३१ मध्ये, तेही अॅल्युमिनियम तयार करणाऱ्या एका कंपनीच्या चर्चिल नामक रसायनज्ञाने पाण्याचे पृथक्करण केले तेव्हा. पुढे ट्रेंडली डीन यांनी डागांच्या तीव्रतेची निर्दोष, संशयास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी श्रेणी ठरविली. ती अद्याप जगभर वापरली जाते. आपल्याकडील पाहण्याही बहुधा तिच्याच आधारे होतात. भारतात १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात या विकाराचे हाडांवरील परिणामही नोंदविले. डीन यांना दिसून आले की दर लिटरास सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात किडण्याचे प्रमाण घटते आणि डागही फारसे पडत नाहीत. या निष्कर्षावरून ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळण्यास प्रारंभ केला. एका देशात जे द्रव्य पाण्यात घालावयाचे, तेच दुसऱ्या देशात पाण्यातून काढावयाचे, असा हा विलक्षण प्रकार होय.

तथापि १ मिलिग्रॅम हा आकडा ज्या शहरांतून निघाला ती समशीतोष्ण हवेची होती. उष्ण प्रदेशातील मूल अधिक पाणी पिते. त्यामुळे आकडा तोच राहिला तरी पोटात जाणारे फ्लोराइड वाढते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ही गोष्ट जाणून १९६२ च्या मानदंडात तपमानानुसार कोष्टक दिले: जेथे कमाल तपमानाची वार्षिक सरासरी १० ते १२ अंश सेल्सिअस, तेथे १.२ मिलिग्रॅम, जेथे ती २६ ते ३२ अंश, तेथे ०.७. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि मजूर कुटुंबाचा दिवस शेतात सरतो; म्हणजे हा जिल्हा त्या कोष्टकाच्या अगदी शेवटच्या ओळीत, किंबहुना तिच्याही खाली पडतो. २०१५ साली अमेरिकेने सर्वत्र ०.७ हा एकच आकडा ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १.५ आहे, परंतु प्रत्येक देशाने हवामान आणि पाणी पिण्याचे प्रमाण पाहून आपला आकडा ठरवावा, अशी पुस्तीही तिने जोडली आहे. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरा उद्भव नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे. ‘दुसरा उद्भव नसल्यास’ हे शब्द लिहिणारास किरकोळ वाटले असतील. ज्या गावात एकच हातपंप चालू आहे तेथे सूट हाच नियम होऊन बसतो.

हा हातपंप आला कोठून, हेही पाहिले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. उघड्या विहिरी आणि पायविहिरी यांच्या पाण्याने पटकी आणि नारू पसरत असे. खोल पाणी जंतूंपासून मुक्त, म्हणून ते उत्तम मानले गेले, आणि त्या मापाने ते उत्तम होतेही. नारूचे देशातून उच्चाटन झाल्याचे २००० साली प्रमाणित झाले, त्यात सुरक्षित पाण्याचा वाटा मोठा आहे. परंतु खडकांच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेल्या, चुन्याचा अंश कमी आणि क्षार अधिक असलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड अधिक विरघळते. उथळ आडाचे पाणी त्या दृष्टीने पुष्कळदा बरे असते. एक मापाचे शुद्ध पाणी दुसऱ्या मापाने सदोष ठरले. त्या वेळच्या योजकांना दोष देणे अन्यायाचे होईल. पटकीने माणूस दोन दिवसांत दगावतो, दात मात्र आठ वर्षांनी बोलतो.

दंतवैद्याच्या निवडीचा विचार या पार्श्वभूमीवर केला म्हणजे नोंदवहीच्या मर्यादा स्पष्ट होतात. नोंदणीकृत असणे आवश्यकच. परंतु या भागात ज्याच्याकडे जावे असा दंतवैद्य तो, जो डाग पाहताच खरवडावयास न धावता बालपण कोणत्या गावी गेले आणि पाणी कशाचे प्याले, हे आधी विचारतो. युरोपात दंतधावनात फ्लोराइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांस १५०० पर्यंत चालते, भारतात १००० पर्यंत. परंतु लहान मूल ते गिळते, हे लक्षात घेता झरीच्या मुलासाठी केलेली शिफारस आणि लंडनच्या मुलासाठी केलेली शिफारस एक असू शकत नाही. परदेशी पाठ्यपुस्तकातून शिकलेल्यास हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. संसदेने २०२३ साली १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला, त्यातही भर आहे तो शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांवर.

पाण्यावरचा उपाय दंतवैद्याच्या खुर्चीत नाही. तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण यांच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविण्याची रीत नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली. तिला नाव मिळाले तेलंगणातील नलगोंड्याचे. ती स्वस्त आहे, मात्र तुरटीची मात्रा पाण्यागणिक बदलावी लागते आणि खाली बसलेला गाळ रोज काढावा लागतो. हे काम गावात कोणी करावयाचे हे ठरलेले नसले की पिंप कोरडे पडते आणि बायका पुन्हा जुन्याच हातपंपाकडे वळतात.