वहीपासून संगणकापर्यंत: उंदरांची वंशावळ

मानवी रोगांच्या अभ्यासासाठी पाळलेल्या उंदरांची जनुकीय माहिती आज संगणकावर मिळते, म्हणून ती संगणकाचीच देणगी समजली जाते. मूळ मात्र वहीत आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी ॲबी लॅथ्रॉप हौशी गिऱ्हाइकांसाठी उंदीर पाळत आणि कुणाची पिल्ले कोणती, कुणाला गाठ आली, हे टिपून ठेवत. त्यांच्याच उंदरांपासून १९२१ मध्ये सी. सी. लिटल यांनी ‘सी५७ ब्लॅक’ हा वाण काढला आणि १९२९ मध्ये बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा उभारली.

वहीतल्या त्या नोंदींची जागा आज संगणकीय संग्रहाने घेतली आहे आणि शोधनिबंधांतून त्यात येणाऱ्या नोंदी नोंदकार पारखतात. आता यंत्रच शोधनिबंध वाचते, मग नोंदी पारखायला माणसे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. बार हार्बरलाच १९४९ मध्ये आढळलेला लठ्ठ उंदीर घ्या. त्याच्या जनुकदोषाला ‘ओबी’ म्हणत. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले, लेप्टिन संप्रेरक कळले आणि पुढे जनुकाचे नाव ‘लेप’ झाले. १९९४ मध्येच उंदरांचा जनुकसंग्रह ऑनलाइन आला. जुने निबंध एका नावाने, नवे दुसऱ्या. त्यांची सांगड घालावीच लागते. शिवाय हाच दोष एका वाणात जबर मधुमेह आणतो, दुसऱ्यात सौम्य. निबंधात वाण अर्धवट लिहिला असेल, तर यंत्र तो अर्धवटच उचलते. लेखकाला पत्र टाकून विचारतो तो नोंदकारच.