बारूद मापानं की वजनानं?

इब्राहिमखान गारदीचं नाव निघालं की चर्चा लगेच निष्ठेवर येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो मराठ्यांकडून लढला, पकडला गेला, मारला गेला. हे खरंच आहे. पण सदाशिवरावभाऊंनी त्याला सोबत नेलं ते त्याच्या कसबासाठी, हे आपण विसरतो. मला त्या कसबातला एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: बारूद मोजायची कशी?

उत्तर आहे, मापानं. तोफेत लांब दांड्याच्या पळीनं आणि बंदुकीत छोट्या मापानं बारूद भरायची पद्धत जगभर होती. रणांगणावर तराजू कोण धरणार? शिवाय ओल धरलेली बारूद वजनात जड भरते, पण जोर कमी देते. मापाला मात्र एक अट होती. जुनी पिठासारखी बारूद गाड्यांच्या हिसक्यांनी दबायची, तिच्यातले शोरा, गंधक, कोळसा वेगळे व्हायचे. मग तीच पळी रोज वेगळं माप देणार. बारूद ओलवून, दाबून तिचे दाणे पाडायला लागल्यावर मापावर विसंबता येऊ लागलं.

पुढे युरोपीय फौजांनी मोजलेली बारूद आणि गोळी एकाच कागदात गुंडाळली. मोजायचं काम लढाईआधीच उरकलं. शिपायाच्या हाती उरली फक्त कवायत. इब्राहिमखान हैदराबादेत फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली शिकला, ती ही शिस्त. १८५७ मध्ये ज्याच्या चरबीवरून भडका उडाला, ते काडतूसही कागदीच होतं.

माप आणि वजन यांतला फरक आपल्या घरात नवा नाही. धान्याचा शेर मापी, तर तुपाचा वजनी. रमजानच्या फित्र्यातला 'साअ'सुद्धा मुळात माप आहे; म्हणूनच किलोत सांगताना गहू आणि खजुराचं वजन वेगळं येतं.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं धूर न करणारी बारूद बनवली आणि जुना हिशेब मोडला. ही बारूद कुठे पापुद्र्यांची, कुठे कांड्यांची. एकाच मापात दोन प्रकार भरले तर जोरात मोठा फरक पडतो, जास्त झाली तर नळी फुटते. तेव्हा तराजू आला. आजही कारखान्यांतली यंत्रं पुष्कळदा मापानंच बारूद सोडतात, पण तपासणी वजनानं होते. पुण्यात खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, म्हणजे काळ्या बारुदीच्या जमान्यातला.

दिवे घाटाजवळचा मल्हारगड पाहायला गेलात, तर तो मराठी तोफखान्याच्या पानसे सरदारांनी बांधला हे मुलांना सांगा. सोबत इब्राहिमखानाचंही नाव घ्या. तो कोणत्या धर्माचा असूनही लढला, हे सांगत बसायची गरज नाही. त्याला काय येत होतं, ते सांगा.