भंगारातील तांबे आणि पोलादाचा पुनर्जन्म : अणूंच्या पातळीवर शोधला जाणारा तोडगा

बेंगळुरू : मोडीत काढलेल्या मोटारीचे भंगार भट्टीत वितळले की त्यातील लोखंड नव्या पोलादाच्या रूपाने परत मिळते, परंतु तारा आणि विद्युत मोटरींच्या रूपाने त्यासोबत भट्टीत गेलेले तांबे कायमचे त्या पोलादात राहते. मोटारीच्या दरवाजासाठी साच्यात खोल दाबून आकार द्यावा लागणाऱ्या पत्र्यात तांब्याचे प्रमाण सुमारे ०.०६ टक्क्यांच्या वर चालत नाही. बांधकामाच्या सळईला मात्र ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे सहन होते. टनामागे हिशेब केला तर एकीकडे ६०० ग्रॅम आणि दुसरीकडे चार किलो. भंगाराचे पुढे काय होणार, हे बव्हंशी या दोन आकड्यांवरून ठरते. मोटारीचे पोलाद सळईत जाऊ शकते. सळईचे पोलाद खनिजापासून केलेल्या ताज्या लोखंडाची भर घातल्याशिवाय मोटारीत परतू शकत नाही.

तांबे काढता येत नसेल, तर ते सहन करू शकणारे पोलाद घडवावे, हा या प्रश्नावरील एक मार्ग आहे. त्यासाठी कोणते मूलद्रव्य किती मिसळावे, हे भट्टीत एकेक प्रयोग करून पाहण्याआधी संगणकावर अणूंच्या हालचालींची गणना करून चाचपता येते. अणुस्तरीय सिम्युलेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला धातुशास्त्राची जाण, पुंजभौतिकीचा सिद्धान्त आणि महासंगणक अशा तिन्ही गोष्टी लागतात. भारतात त्या एकाच शहरात एकत्र असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी बेंगळुरू हे एक आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. २०१८ पासून भारत हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक देश आहे आणि २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४.४ कोटी टन कच्चे पोलाद तयार झाले. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद बनवताना जागतिक सरासरीनुसार दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवून तेच पोलाद बनवले तर हे प्रमाण एक टनाच्याही खाली राहते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये पोलाद भंगार पुनर्वापर धोरण जाहीर केले. त्या वेळी देशांतर्गत भंगाराचा पुरवठा अडीच कोटी टन आणि आयात ७० लाख टन असल्याची नोंद त्या धोरणात आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले, तर डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ कशाला म्हणावे याचे निकष ठरले. प्रतिटन २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेले पोलादच त्यात बसते.

महाराष्ट्रात या साखळीचे ठळक उदाहरण म्हणजे जालना. तेथील कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्ट्यांमध्ये वितळवून बिलेट ओतली जातात आणि रोलिंग मिलमधून टीएमटी सळई बाहेर पडते. सळई हेच मुख्य उत्पादन असल्याने तांब्याचा उपद्रव तेथे तुलनेने कमी जाणवतो. शिवाय भारतात वाहने आणि यंत्रे अजूनही बऱ्याच अंशी हातांनी सुटी केली जातात. तांब्याला लोखंडाच्या कित्येक पट भाव मिळत असल्याने भंगारवाला तार आणि मोटर आधीच वेगळी काढतो. पाश्चात्त्य देशांत आख्खी गाडी यंत्रात भरडून चुंबकाने लोखंड वेगळे केले जाते. तेथे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार चुंबकाला चिकटून लोखंडाच्या ढिगात जाते. पण मजुरी वाढली आणि भंगार हाताळणी यांत्रिक झाली की भारताचा हा फायदा आक्रसत जाईल. आंतरराष्ट्रीय ताम्र संघटनेच्या अंदाजानुसार पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत सुमारे २३ किलो तांबे असते, तर बॅटरीवरील मोटारीत सुमारे ८३ किलो. आज विकल्या जाणाऱ्या विद्युत मोटारी दीड-दोन दशकांनी भंगारात येतील.

तांबे बाहेर का निघत नाही?

पोलाद शुद्ध करण्याची मुख्य युक्ती ऑक्सिजनची आहे. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांना लोखंडापेक्षा ऑक्सिजनची ओढ जास्त असल्याने ते जळून वायूत किंवा मळीत जातात. तांब्याचे नेमके उलटे आहे. त्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी असल्याने तांबे जाळायला जावे तर आधी लोखंडच जळून संपेल. कथिल आणि निकेल यांचेही तसेच आहे. एकदा आत शिरलेले हे धातू दर फेरीत तसेच राहतात आणि पुढच्या भंगारातून आणखी थोडे येऊन मिळतात.

पोलादात विरघळलेल्या तांब्याचा खरा उपद्रव सुरू होतो तो पोलाद लाटण्याआधी पुन्हा तापवताना. पुनर्तापन भट्टीत १,१०० ते १,२५० अंश सेल्सिअस तापमानाला पृष्ठभागावरील लोखंडाचे ऑक्साइड होऊन खपली धरते. तांबे मात्र ऑक्साइड न होता खपलीच्या खाली साचत जाते. समजा, ०.३ टक्के तांबे असलेल्या पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा थर खपलीत गेला. त्यातील सगळे तांबे खाली साचले, तर सुमारे २.६ मायक्रोमीटर जाडीचा तांब्याचा थर तयार होईल. केसाच्या जाडीच्या तुलनेत तो नगण्य असला तरी हानीला तेवढा पुरतो. या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकात आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासच तांबे विरघळू शकते. उरलेले वेगळे होते. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे हे उरलेले तांबे द्रवरूप असते. पोलाद सूक्ष्म कणांचे बनलेले असते आणि हा द्रव दोन कणांमधल्या सीमांत झिरपतो. मग तप्त लाद रोलरखाली गेली की पृष्ठभाग त्या सीमांवरच फाटतो. या दोषाला धातुशास्त्रात ‘हॉट शॉर्टनेस’, म्हणजे तप्तावस्थेतील ठिसूळपणा, असे म्हणतात. भंगारात कथिल असेल तर लोखंडात तांबे आणखी कमी विरघळते आणि संकट वाढते.

हे सारे नव्याने कळलेले नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकातच मेलफर्ड आणि सॉल्टर यांनी तांबे, कथिल, निकेल यांच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. निकेल घातल्यास तांबे अधिक विरघळते आणि साचलेल्या थराचा वितळणबिंदू वर जातो, हे तेव्हापासून ज्ञात आहे. सिलिकॉनमुळे खपलीत १,१७७ अंशांना वितळणारे मिश्रण तयार होते आणि साचलेले तांबे खपलीतच अडकून दूर होण्यास मदत होते. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात सिलिकॉन आणि अल्प फॉस्फरस यांच्या एकत्रित परिणामाची तपासणी केली. निकेलचा उपाय खात्रीचा असला तरी महाग आहे, आणि तांब्याप्रमाणेच निकेलही पुढच्या फेरीत पोलादात राहतेच. आज घातलेले औषध उद्याच्या भंगाराचा घटक होते, ही बाब पोलादाच्या चर्चेत अनेकदा निसटते.

अणूंची गणना नेमके काय सांगते?

द्रव तांबे कणसीमेत शिरणार की नाही, याचे उत्तर ऊर्जेच्या एका साध्या तुलनेत आहे. दोन कणांमधल्या सीमेत काही ऊर्जा साठलेली असते. तिच्यात द्रव घुसला की एका सीमेच्या जागी घन आणि द्रव यांच्यातील दोन पृष्ठभाग तयार होतात. या दोन पृष्ठभागांची मिळून ऊर्जा मूळ सीमेच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल, तर द्रव आत शिरणे निसर्गाला ‘स्वस्त’ पडते. म्हणून शोध असतो तो कणसीमेवर जाऊन बसणाऱ्या आणि तिची ऊर्जा कमी करणाऱ्या, किंवा द्रव-घन पृष्ठभाग ‘महाग’ करणाऱ्या मूलद्रव्याचा. इतक्या तापमानाला खपलीखाली या ऊर्जा प्रत्यक्ष मोजणे अतिशय कठीण असते. संगणकावर मात्र एका अणूच्या जागी दुसरा ठेवून फरक काढता येतो.

त्यासाठीचा पाया १९६४ आणि १९६५ मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शाम यांनी घातला. त्यांच्या घनता-फलन सिद्धान्तामुळे इलेक्ट्रॉनांची गणना आवाक्यात आली आणि वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही गणना सहसा काही शे अणूंपुरतीच झेपते. मोठ्या नमुन्यासाठी अणूंमधील बलांची सोपी सूत्रे वापरतात. डॉ आणि बास्केस यांनी १९८४ मध्ये धातूंसाठी अशी पद्धत मांडली, तर बेलर आणि पॅरिनेलो यांनी २००७ मध्ये ही बले यंत्राला शिकवून घेण्याचा मार्ग दाखवला.

लोखंड-तांबे या जोडीचा संगणकीय अभ्यास खूप झाला आहे, पण तो वेगळ्याच कारणासाठी. जुन्या अणुभट्ट्यांची पात्रे जोडताना वापरलेल्या वेल्डिंगच्या तारांवर तांब्याचा मुलामा होता आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ते तांबे साकळून पात्र ठिसूळ होई. या प्रश्नासाठी ब्रिटिश संशोधकांनी १९९७ मध्ये लोखंड-तांबे बलांचे सूत्र प्रसिद्ध केले. अणुभट्टीचे पात्र सुमारे ३०० अंशांवर असते, तेव्हा लोखंड चुंबकीय असते आणि त्याची स्फटिकरचना वेगळी असते. ९१२ अंशांच्या वर लोखंडाची रचना बदलते. ७७० अंशांच्या वर अणूंचे चुंबकीय आघूर्ण अस्ताव्यस्त झालेले असतात. हा गोंधळ गणनेत नेमका पकडणे आजही अवघड मानले जाते. त्यामुळे जुनी सूत्रे पुनर्तापन भट्टीला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

आकारमान आणि काळ यांचीही मर्यादा आहे. दहा लाख लोहअणूंचा ठोकळा प्रत्येक बाजूस सुमारे २३ नॅनोमीटर भरतो; वर उल्लेखिलेला तांब्याचा थर त्याच्या शंभरपट जाड आहे. दहा लाख गणनापावलांत साधारण एक नॅनोसेकंद सरतो, तर लाद भट्टीत काही तास राहते. म्हणून अशी गणना मिश्रधातूची पाककृती देत नाही. शेकडो शक्यतांमधून भट्टीत तपासण्याजोग्या मोजक्या निवडून देणे, एवढे काम ती करते. आणि एकेका प्रायोगिक वितळणीचा खर्च पाहता ते कमी मोलाचे नाही.

बेंगळुरूमधील भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्र विभाग १९४५ मध्ये सुरू झाला. पदार्थ अभियांत्रिकी विभाग हे त्याचेच आजचे रूप. संस्थेत २०२२ च्या प्रारंभी कार्यान्वित झालेला ‘परम प्रवेग’ हा महासंगणक ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभारलेल्या या यंत्राचे ‘परम’ हे नाव डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये बनवलेल्या ‘परम ८०००’पासून चालत आले आहे. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील प्रा. उमेश वाघमारे यांना पदार्थांच्या मूलभूत पुंजगणनांसाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांचे काम प्रामुख्याने इतर पदार्थांवरील असले, तरी कणसीमेवरील एका परक्या अणूची ऊर्जा काढण्यासाठी लागणारी गणनापद्धती त्याच घराण्यातली आहे.

तांबे सगळीकडेच नकोसे असते असे नाही. हवामानास टिकणाऱ्या कॉर्टेन पोलादात ते हेतुपुरस्सर घातले जाते. प्रश्न पत्र्याचा आहे, आणि सध्या त्यावर भंगारात ताजे लोखंड मिसळून तांबे पातळ करण्याचा उपाय केला जातो. स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला असल्याने हा उपाय येथे हाताशी आहे. परंतु भारतातील स्पंज आयर्न मोठ्या प्रमाणात कोळशावर बनते, त्यामुळे भंगार वापरून वाचवलेला कार्बन त्यात पुन्हा खर्ची पडतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार, जगभरात भंगाराचा व्यापार परिपूर्ण समन्वयाने चालला आणि मिसळ मोठ्या प्रमाणावर केली, तर २०५० पर्यंत तांब्याचा भार कसाबसा पेलता येईल. पण हा मार्ग उत्तरोत्तर अव्यवहार्य होत जाईल.

या अडचणीची कसोटी वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथे लागणार आहे. टाटा स्टीलने तेथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. तिच्या जागी सुमारे ३० लाख टन क्षमतेची, मुख्यतः ब्रिटनमधील भंगारावर चालणारी विद्युत भट्टी उभारली जात आहे. त्या कारखान्याचे मुख्य उत्पादन सळई नसून पत्रा आहे.