पणजी

गोवा राज्याची राजधानी. मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, मुखाजवळ वसलेले शहर, कोकणीत पणजें.

इथली सर्वांत जुनी महत्त्वाची वास्तू म्हणजे नदीकाठचा आदिलशाही वाडा. विजापूरकरांची ही जागा पोर्तुगीजांनी घेतली, तरी पुढची दोन शतके पणजी म्हणजे दलदल, माडांच्या बागा आणि तुरळक वस्ती. १६३३-३४ मध्ये बांधलेला पणजी-रायबंदर बांधरस्ता हा त्या काळातला मोठा उद्योग. सुमारे तीन किलोमीटरच्या या रस्त्यावरून आजही वाहने धावतात. तोवरची राजधानी जुने गोवे साथीच्या रोगांनी ओस पडू लागले, तेव्हा व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम वाड्यात हलवला. राजधानीचा रीतसर दर्जा मात्र १८४३ मध्ये, ‘नोव्हा गोवा’ या नावाने मिळाला. त्याआधी दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो या गव्हर्नरने (१८२७-३५) दलदली बुजवून सरळ रस्ते आखले. आजच्या पणजीचा खरा शिल्पकार तोच म्हणावा लागेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली. १९६२ पासून ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक इथून निघू लागले. १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले गेले आणि १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले. विधानसभा जुन्या वाड्यातच भरत असे. २००० मध्ये ती नदीपलीकडे पर्वरीला गेली.

पणजी पाहावी ती पायी. ऑल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्यास ही पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींच्या घरांची वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, सज्जे, कौलारू छपरे. लोक तिथे राहतात, म्हणूनच ती जिवंत आहे. याच टेकडीच्या उतारावर, नागमोडी पायऱ्यांच्या माथ्यावर मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आहे. मूळ कपेल १५४१ चे, पुनर्बांधणी १६१९ ची. तिथली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या चर्चमधली. महालक्ष्मी मंदिराचे महत्त्व वेगळेच: पोर्तुगीज अमलात पणजीत हिंदू देवालय बांधायला परवानगी मिळाली ती १८१८ मध्ये, म्हणजे तीन शतकांनी.

वाड्याशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास केला आणि त्याचे मूळ संमोहकाच्या शक्तीत नसून व्यक्तीच्या स्वतःच्या मनात आहे, असे प्रतिपादन केले. नदीकाठची, चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेली कला अकादमी अवश्य पाहावी. आंतरराष्ट्रीय भारतीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि पणजी हे त्याचे मुख्य केंद्र आहे.