विश्वराज्य

विश्वराज्य : युद्ध कायमचे थांबवायचे असेल तर राष्ट्रांच्या वर एखादी सामाईक सत्ता असावी लागते, या धारणेतून निर्माण झालेल्या योजनांना व आदर्शचित्रांना ही संज्ञा लावतात. तिच्या पोटात दोन कल्पना येतात : संघराज्य, म्हणजे घटक राज्यांनी सार्वभौमत्वाचा काही भाग केंद्राच्या हवाली करणे, आणि राज्यसंघ, म्हणजे सार्वभौमत्व राखून केवळ कराराने एकत्र येणे. या दोहोंतील ओढाताण या विचाराच्या इतिहासात सतत दिसते. पण समान सदस्य म्हणून कोणाला गणायचे, हा प्रश्न तिच्याहून मूलभूत आहे.

या बाबतीत सर्वांत उदार योजना आरंभीच्याच काळातील आहे. फ्रेंच लेखक एमेरिक क्रूसे याने १६२३ मध्ये व्हेनिस येथे राजांच्या दूतांची कायम सभा भरवावी, असे सुचविले आणि तीत पोपच्या खालोखाल तुर्की सुलतानाला स्थान दिले. इराण, चीन व हिंदुस्थान येथील राज्यकर्तेही त्याने वगळले नाहीत. यूरोपात धर्मयुद्ध चालू असताना एका ख्रिस्ती लेखकाने इतके व्यापक चित्र रेखाटावे, ही असामान्य गोष्ट होय. विल्यम पेन या क्वेकर पंथीयाने १६९३ मध्ये यूरोपीय संसदेची योजना मांडली. मानापमानाचे तंटे टाळण्यासाठी सभागृह वर्तुळाकार असावे व त्याला अनेक दारे असावीत, असे तो सुचवितो. दरबारी शिष्टाचारावरूनही वाटाघाटी मोडत असत, हे लक्षात घेता ही सूचना क्षुल्लक नाही.

आबे द सँ-प्येर याने १७१३ च्या उत्रेख्त तहाच्या सुमारास चिरशांतीचा विस्तृत आराखडा प्रसिद्ध केला. त्यात राज्यांच्या सीमांची, तसेच राजांच्या गाद्यांचीही हमी होती. रूसोने या हमीतील उणिवेवर बोट ठेवले : प्रजेच्या बंडापासून राजांचे रक्षण करायचे, तर राजांच्या जुलमापासून प्रजेचेही रक्षण केले पाहिजे. १७९५ मध्ये इमॅन्युएल कांट याने प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक असावी, ही अट प्रथम घातली आणि मगच स्वतंत्र राज्यांच्या संघाचा पुरस्कार केला. सर्व राज्ये गिळणारे एकच साम्राज्य अखेर निष्प्राण हुकूमशाहीत व नंतर अराजकात परिणत होईल, अशी भीती त्याला वाटत होती.

१९२० मध्ये अस्तित्वात आलेल्या राष्ट्रसंघाने राज्यसंघाचा मार्ग पत्करला. महत्त्वाच्या ठरावांना सर्वसंमती लागत असे, आणि मांचुरिया (१९३१) व ॲबिसिनिया (१९३५) येथील आक्रमणे त्याला रोखता आली नाहीत. मात्र त्याच्या मुळाशी असलेली विषमता आधीच उघड झाली होती. संघाच्या सनदेत समानतेचे तत्त्व घालण्याच्या जपानच्या सूचनेला १९१९ मध्ये समितीतील १७ पैकी ११ मते मिळाली, तरी अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ती फेटाळली. हिंदुस्थान संघाचा मूळ सदस्य होता, परंतु त्याचा कारभार ब्रिटिशांच्या हाती होता.

म्हणूनच मुंबईत गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी संमत झालेल्या काँग्रेसच्या ‘छोडो भारत’ ठरावातील एका भागाकडे अधिक लक्ष जायला हवे. भावी शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचे जागतिक संघराज्य आवश्यक आहे, त्याने एका राष्ट्राकडून दुसऱ्याचे होणारे शोषण थांबवावे, निःशस्त्रीकरण घडवावे आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल, असे त्यात म्हटले होते. यूरोपीय योजनांनी शांतता आधी मागितली होती, तर या ठरावाने आधी स्वातंत्र्य मागितले. जगाच्या ऐक्याची ही अट एका वसाहतीने घालावी, यातच तिचे महत्त्व आहे.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने मात्र सुरक्षा परिषदेतील पाच कायम सदस्यांना नकाराधिकार दिला, म्हणजे बलाढ्यांना नियमाबाहेर राहण्याची मुभा दिली. त्यावर असंतुष्ट असलेल्यांपैकी शिकागो विद्यापीठातील एका समितीने १९४८ मध्ये विश्वराज्याच्या घटनेचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी गॅरी डेव्हिस या अमेरिकी तरुणाने पॅरिसमध्ये नागरिकत्वाचा त्याग करून स्वतःला जागतिक नागरिक घोषित केले. विश्वराज्याच्या अशा योजनांवर अमेरिकी विचारवंत राइनहोल्ड नीबूर यांचा आक्षेप असा होता की, शासन स्थापन केल्याने समाज निर्माण होत नाही, परस्परविश्वासाने बांधलेला समाज शासनाच्या आधी असावा लागतो. विनोबा भावे यांच्या विचारात या आक्षेपाचे उत्तर शोधता येते. भूदान यात्रेत १९५७ मध्ये त्यांनी ‘जय जगत्’ हा घोष दिला, तो ग्रामस्वराज्याच्या जोडीने : खरी सत्ता गावाच्या हाती, जगाच्या केंद्राकडे केवळ नैतिक अधिकार, आणि राष्ट्राचे महत्त्व या दोहोंच्या मध्ये क्रमशः ओसरत जाणारे.