दुरंगी गाडीचा हिशोब

मराठीत 'दुरंगी' माणसाला कोणी भला म्हणत नाही. दुरंगी मोटारीकडे मात्र सगळेच वळून पाहतात! पण छप्पर पांढरे, खालचे अंग आकाशी अशी जुनी गाडी पुन्हा रंगवायला काढली, की मजुरीचा आकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे होतात. पत्रा तेवढाच, मग खर्च इतका जास्त का? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडते.

सुरुवातीला मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. ब्रशाने थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. त्यात आठवडे जात. फोर्डने तर 1914 ते 1925 या काळात आपली मॉडेल टी केवळ काळ्या रंगात विकली. 1923 साली ड्यू पाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग ओकलंड मोटारीवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मग दोन रंगांची टूम निघाली.

इथेच पेंटर अडला. दुसरा रंग मारताना पहिला झाकायचा कसा? कागद डकवला, तर काढताना खालचा ताजा रंगही सोलून यायचा, आणि केलेले काम पुन्हा करावे लागे. ही फजिती रिचर्ड ड्रू या तरुणाने पाहिली. तो पॉलिश पेपर बनवणाऱ्या मिनेसोटा मायनिंग कंपनीचा, म्हणजे आजच्या थ्री-एमचा माणूस. खाणीसाठी निघालेल्या आणि खाणीत फसलेल्या या कंपनीत त्याने 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. आज घरोघरी दिसणारी ही पट्टी जन्मली ती दुरंगी गाड्यांपायी!

1955 च्या शेवरोले बेल एअरपर्यंत दोन रंग ही कारखान्यातली नित्याची गोष्ट झाली होती. भारतात त्या काळी परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने होती. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे ती बंधने इथे लागू नव्हती. मुरगाव बंदरात परदेशी गाड्या उतरत, खनिजाच्या पैशाने त्या घेणारेही होते. आपल्याकडच्या काही जुन्या गाड्यांचा इतिहास असा आहे.

कारखान्याने स्वस्त केलेले हे काम आज पुन्हा हातावर आले आहे. गंज काढा, पुटी भरा, घासा, एक रंग मारा, पूर्ण वाळू द्या, टेप लावून झाका, मग दुसरा. दोन्ही बाजूंची रेघ एका उंचीवर यायला हवी. क्रोमची पट्टी असेल तर जोड तिच्याखाली लपतो. नसेल तर हाताचा कस लागतो. त्यात आपला पावसाळा! दमट हवेत ड्यूकोवर पांढरट झाक येते, म्हणून जाणता पेंटर कोरड्या दिवसांची वाट पाहतो. पैसे रंगाचे थोडे, या थांबण्याचे जास्त.

तेव्हा घासाघीस जरूर करा, पण वेळेत काटछाट करू नका. आणि पत्रा घासायला देण्यापूर्वी दाराच्या रबराखाली, डिकीच्या कोपऱ्यात डोकावून पाहा. गाडीचे मूळ दोन रंग तिथे बहुधा शिल्लक असतात. त्यांचे फोटो काढून ठेवा. नवा रंग कधीही विकत मिळेल. एकदा घासून टाकलेला मूळ रंग कोणत्याच भावाने मिळत नाही.