त्र्याहत्तर मिलिमीटरचं कुळ

जुन्या डॅटसन गाड्यांचे शौकीन एकत्र जमले की हॉर्सपॉवरच्या बढाया मारतात, कार्ब्युरेटरवरून भांडतात आणि गंजाचा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे एकसारखे पडतात. बोअरबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. रिबोर करायची पाळी येईपर्यंत तो आकडा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. मला मात्र याच एका आकड्यानं पछाडलं आहे: ७३ मिलिमीटर.

१९७० च्या डॅटसन सनीतलं ए-१२ इंजिन घ्या, बोअर ७३. तिच्या आधीची १९६६ ची सनी, ७३. १९५७ ची डॅटसन २१०, तिचाही ७३. आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं ते १४८९ सीसीचं इंजिन, ज्याच्या भरवशावर कलेक्टरांपासून मंत्र्यांपर्यंत सगळं सरकार हिंडलं, त्याचाही ७३. माझं म्हणणं असं की ही चारही एकाच घरातली भावंडं आहेत आणि त्यांचं मूळ गाव जपानमध्ये नाही, इंग्लंडमधल्या लाँगब्रिजला, ऑस्टिन कंपनीच्या कारखान्यात आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पुण्यात, रिबोरिंगच्या एका कारखान्यात. माझ्याकडे प्रीमियर ११८ एनई आहे, तिच्यात सनीचंच ए-१२ इंजिन. ती मागून निळा धूर सोडायला लागली म्हणून हेड उघडलं आणि ब्लॉक मशिनवर चढवला. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी अ‍ॅम्बेसेडरचे कोरे पिस्टन तेल लावून मांडलेले होते. मी त्यांतला एक उचलला तसा मिस्त्री ओरडला, "साहेब, मिसळू नका हां! वरून दोन्ही सारखेच दिसतात." दिसतात कसले, जवळपास आहेतच. मायक्रोमीटर लावला तर फरक केसाएवढाही निघेना. उंची वेगळी, पिनच्या भोकाची जागा वेगळी, पण माथ्याची गोलाई तीच. मिस्त्रीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र धूर विसरलो.

आता कुळ मांडतो. डॅटसन नावाची गोष्ट सर्वांना पाठ आहे: डेन, आओयामा आणि ताकेउची या तिघा पाठीराख्यांच्या आद्याक्षरांवरून डॅट, त्याचं धाकटं पिल्लू डॅटसन, आणि पुढे कंपनी निसानच्या पंखाखाली. तिथे थांबायचं कारण नाही. १९३० च्या दशकातली डॅटसन ही ऑस्टिन सेव्हनची नक्कल होती का, हा वादही जुनाच आहे. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९३५ मध्ये एक डॅटसन मागवून तपासली आणि कोर्टाची पायरी चढली नाही, एवढं सांगून मी त्या वादातून अंग काढून घेतो. माझ्या सिद्धांताला चोरीची गरज नाही, कारण त्याच्या पाठीशी रीतसर करार आहे.

तो करार डिसेंबर १९५२ चा. युद्धानं जपानी मोटारधंदा वीस वर्षं मागे गेला होता आणि परदेशी कंपन्यांशी हातमिळवणी करून कसब आत आणायचं, असं सरकारी धोरण ठरलं. इसुझुनं हिलमन धरली, हिनोनं रेनो, निसाननं ऑस्टिन. आधी सुटे भाग आणून ए-४० सॉमरसेट जोडायची, मग तीन वर्षांत एकेक भाग करत सगळीच्या सगळी गाडी जपानमध्ये बनवायची, अशी अट होती. १९५५ पासून ए-४० च्या जागी ए-५० केंब्रिज आली आणि तिच्या बॉनेटखाली बीएमसीचं, म्हणजे ऑस्टिन ज्यात होती त्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन: १४८९ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक (म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) ८९. करारातलं एक कलम निसानच्या फार पुढेपर्यंत उपयोगी पडलं. ऑस्टिनची पेटंटं स्वतःच्या गाड्यांसाठी वापरायची मुभा त्यात होती.

७३ हा आकडा मुळात मिलिमीटरचा नाहीच. तो पावणेतीन इंच आणि वर एक सूत, म्हणजे दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच, मिलिमीटरमध्ये ७३.०२५. स्ट्रोक साडेतीन इंच. एवढ्या अरुंद सिलिंडरला एवढा लांब स्ट्रोक का, याचं उत्तर इंग्लंडच्या करखात्यात आहे. तिकडे १९४६ पर्यंत मोटारीवरचा कर बोअरवर लागे: इंचांतल्या बोअरचा वर्ग, गुणिले सिलिंडर, भागिले अडीच. स्ट्रोकला त्या हिशेबात जागाच नव्हती. मग शहाणा कारखानदार बोअर चिमटीत धरून स्ट्रोक लांबवणारच. १९४७ च्या ए-४० चं इंजिन त्याच वळणाचं होतं, ६५.५ गुणिले ८९. कर गेला, बोअर रुंदावून ७३ झाला, पण ८९ चा स्ट्रोक जुन्या सवयीसारखा राहिला. तो तसाच बोटीतून योकोहामाला उतरला आणि तसाच पुढे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्यालाही पोचला.

इथे डोनाल्ड स्टोन नावाचा अमेरिकन येतो. माझ्या मते या कुळातला सर्वांत दुर्लक्षित माणूस. विलीज-ओव्हरलँडमध्ये इंजिनांवर काम केलेला हा इंजिनियर निसाननं सल्लागार म्हणून आणला होता. कंपनीला डॅटसनसाठी एक लिटरचं नवं इंजिन हवं होतं. जुनं ८६० सीसीचं साइड व्हॉल्व्हचं इंजिन दमलं होतं. तरुण इंजिनियर कोऱ्या कागदावर नवं इंजिन काढायला आतुर झाले होते. स्टोननं त्यांना थांबवलं. ऑस्टिनच्या इंजिनासाठी एवढी महागडी यंत्रं मांडली आहेत, बोअर पाडायची आख्खी रांग उभी आहे. बोअरला हात लावू नका, फक्त स्ट्रोक कापा, असा त्याचा सल्ला. ८९ चा स्ट्रोक ५९ झाला. तीस मिलिमीटर कापले आणि १४८९ सीसीचं इंजिन ९८८ वर आलं. ब्लॉक बुटका झाला, वजन उतरलं, आणि त्याच यंत्रांवर त्याच व्यासाची भोकं पडत राहिली. निसानमध्ये त्याला 'स्टोन इंजिन'च म्हणत. अधिकृत नाव सी.

हे इंजिन १९५७ च्या डॅटसन २१० मध्ये बसलं. पुढच्याच वर्षी 'फुजी' आणि 'साकुरा' अशा दोन गाड्या कातायामा युताका यांच्या देखरेखीखाली ऑस्ट्रेलियाच्या मोबिलगॅस ट्रायलमध्ये उतरल्या. सुमारे १६,००० किलोमीटरची खंडप्रदक्षिणा, आणि 'फुजी'नं एक लिटरच्या आतला गट जिंकला. जपानी मोटारींच्या इतिहासात या विजयावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्या इंजिनाचा बोअर बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला ठरला होता, हे त्यांत अभावानंच येतं.

इथवर वाद नाही. १९५९ च्या ब्लूबर्डमध्ये स्ट्रोक ७१ करून ११८९ सीसी (ई इंजिन), मग ७७.६ करून १२९९ (जे इंजिन). बोअर प्रत्येक वेळी ७३. भांडण सुरू होतं ते १९६६ च्या सनीपासून, म्हणजे ए इंजिनापासून.

एक पक्ष सांगतो, निसानचं ए म्हणजे बीएमसीच्या ए-सिरीजची, मिनीत बसणाऱ्या त्या छोट्या इंजिनाची नक्कल. नाव सारखं, आकार सारखा, पुशरॉड दोन्हीकडे, झालं. हा पक्ष सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत आळशी. निसाननं ज्या दोन ऑस्टिन बनवल्या त्यांतल्या एकीतही ते छोटं इंजिन नव्हतं. आणि आत डोकावून पाहिलं तर साम्य तिथेच संपतं. बीएमसीच्या ए-सिरीजमध्ये पोर्ट जोडून काढलेले, चार सिलिंडरांना मिळून पाचच. निसानच्या ए मध्ये आठच्या आठ स्वतंत्र, कारण कॅमशाफ्ट आणि पुशरॉड पोर्टांच्या विरुद्ध अंगाला नेले आहेत. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. नक्कल करणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

दुसरा पक्ष जपानाभिमान्यांचा. त्यांच्या मते ए इंजिन शुद्ध नवं आहे, ऑस्टिनचा त्यात थेंबही नाही. या पक्षाशी भांडायला मजा येते, कारण तो निम्मा बरोबर आहे. हेड नवं, ब्लॉक नवा आणि हलका, कॅमशाफ्ट उंचावर घेऊन पुशरॉड आखूड केलेले, वर्षानुवर्षं न कुरकुरणारं. पण मग मला एवढंच सांगा: पहिल्या सनीच्या ए-१० इंजिनाचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ५९ कसा? हे तर हुबेहूब स्टोनचे आकडे! एक लिटरच्या आत बसायचं तर ७० गुणिले ६४ चाललं असतं, ७२ गुणिले ६० चाललं असतं. योगायोग म्हणावं, तर त्याच काळात निसाननं खरोखर नव्यानं आखलेलं एल इंजिन बघा: सहा सिलिंडरच्या एल-२० चा बोअर ७८, चार सिलिंडरच्या एल-१६ चा ८३. हात मोकळा असताना निसान ७३ ला शिवत नाही. सनीच्या वेळी हात मोकळा नव्हता, असा माझा तर्क आहे. पिस्टन, रिंगा, बोअर तपासायची गेजं, यंत्रांवरची कटर, हे सगळं दहा वर्षं त्या एका व्यासाभोवती रुजलेलं होतं. स्वस्त गाडी काढायची असताना ते फेकून देणारा कारखानदार मला दाखवा. तेव्हा ए इंजिनाचं शरीर नवं, पण सांगाडा ज्या मापावर बेतला ते माप ऑस्टिनचं, यावरून मी हटायला तयार नाही.

१९७० मध्ये सनी मोठी झाली तेव्हा स्ट्रोक ७० झाला, ११७१ सीसी, आणि क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंगं मिळाली. फुजी स्पीडवेवर तोमेईसारख्या ट्यूनर मंडळींनी या ए-१२ ला मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास नाचवलं. दहा हजारांवर ७० च्या स्ट्रोकला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटर होतो. ८९ चा स्ट्रोक ठेवला असता तर तो ३० च्या घरात गेला असता आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. स्टोनच्या करवतीची खरी कमाई अशी उशिरा दिसली. तेच इंजिन घेऊन सनी ट्रक जपानमध्ये १९९४ पर्यंत विकला गेला. म्हणून तर पन्नास वर्षांच्या सनीला आजही गास्केट, वॉटर पंप, व्हॉल्व्ह गाइड मिळतात आणि तिकडचे शौकीन सुखानं झोपतात.

आपल्याकडे या कुळाच्या दोन शाखा आल्या, आणि कोणी त्यांची ओळख करून दिली नाही. पहिली अ‍ॅम्बेसेडर. निसान ऑस्टिनमधून बाहेर पडत होती त्याच सुमारास हिंदुस्थान मोटर्सनं तेच १४८९ सीसीचं इंजिन घेतलं आणि पुढची तीस वर्षं त्या ८९ च्या स्ट्रोकला कुणी धक्का लावला नाही. शेवटी १९९० च्या दशकात तिच्यात नवं पेट्रोल इंजिन आलं ते इसुझुचं, म्हणजे ज्यांनी हिलमन जोडता जोडता धंदा शिकून घेतला त्यांचं. दुसरी शाखा ११८ एनई. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९८५ मध्ये ही गाडी काढली: बॉडी फियाट १२४ ची, तिचे साचे स्पेनच्या सेआटकडून आणलेले, आणि इंजिन निसानचं ए-१२. एनई ही अक्षरं त्यावरूनच. सनी नावाची गाडी मुंबईच्या रस्त्यावर सर्रास दिसायच्या कितीतरी आधी तिचं हृदय कुर्ल्याच्या कंपनीच्या गाडीत धडधडत होतं.

यामुळे रविवारच्या आमच्या मेळाव्यात दरवेळी तंटा होतो. माझी गाडी फियाटच्या रांगेत लावायची की जपानी रांगेत? फियाटच्या रांगेतले पद्मिनीवाले म्हणतात, बॉडी आमची. एक गृहस्थ जुनी ब्लूबर्ड बाळगून आहेत, ते बॉनेट उघडायला लावतात आणि टॅपेटचा आवाज ऐकून म्हणतात, "हिला इकडेच लावा, हिचा आवाज ओळखीचा आहे." टॅपेटला गरम इंजिनावर ०.३५ चा फीलर गेज, जरा घट्ट सरकेल इतपत. मग जो शिलाई मशीनसारखा नाजूक टकटकाट येतो तो. मी सुचवलं की मला अ‍ॅम्बेसेडरच्या शेजारी जागा द्या. त्यावर दोन्ही रांगा पहिल्यांदाच एक झाल्या आणि माझी गाडी चहाच्या टपरीशेजारी गेली.

नक्कलवाल्या पक्षाकडे अजून एक हुकमी पान आहे आणि ते टाकल्याशिवाय कुणी उठत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे लोक मॉरिस मायनरचं मूळ बीएमसी इंजिन काढून तिथे डॅटसनचं ए-१२ किंवा ए-१४ बसवतात, फार जुनी आणि लाडकी खटपट आहे ती. "बघा, बसतं की नाही? मग नक्कलच!" बसतं, कबूल. पण कधी? इंजिनाच्या माउंटिंग नव्यानं वेल्ड केल्यावर, गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर कापल्यावर आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून घेतल्यावर. एवढी कापाकापी करायची तयारी असेल तर मॉरिसमध्ये ट्रॅक्टरचं इंजिनही बसेल, आणि त्यावरून कोणी ट्रॅक्टरला मॉरिसची नक्कल म्हणणार नाही.